आपला प्रोग्रॅम सर्व्हरवर नेमका कुठे ठेवायचा?

सोलापूर जिल्ह्यातील कापड व्यवसायात बिल, बिल्टी आणि उधारीची वही संगणकावर आली, ही गोष्ट आता जुनी झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यापासून तर लहान दुकानदारालाही संगणकाशिवाय गत्यंतर राहिले नाही. आता त्यापुढची पायरी आली आहे. चादरी-टॉवेलचे ठोक व्यापारी, यंत्रमागवाले आणि शिलाईचे काम घेणारे कारागीर यांपैकी काहीजण ब्राउझरमध्ये चालणारा स्वतःचा प्रोग्रॅम तयार करून घेतात. अक्कलकोटच्या गादीवर बसून मालक ऑर्डर पाहतो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखानदार तीच ऑर्डर मोबाईलवर पाहतो, आणि आळंद, इंडी, कलबुर्गीकडे फिरणारा आपला माणूस तिथूनच नवी ऑर्डर भरतो. यालाच वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणतात.

प्रोग्रॅम करून देणारा मुलगा काम संपल्यावर सांगतो, "चाचा, सर्व्हरवर टाकून दिलंय, आता बिनघोर राहा." आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. गोदामात दहा गाठी आल्या तर आपण विचारतो की कुठल्या गाळ्यात उतरवल्या, चावी कोणाकडे आहे, पाऊस आला तर पाणी शिरणार नाही ना. इथे मात्र कारोबाराचा सगळा हिशेब कुठे ठेवला गेला, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

"कुठे" या शब्दात दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रोग्रॅम कोणत्या मशीनवर ठेवायचा, हा पहिला. त्या मशीनच्या आत कोणत्या जागी ठेवायचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात पैसा दिसतो म्हणून त्यावर सगळे बोलतात. दुसऱ्यात पैसा लागत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. पण माझ्या मते चोर शिरतो तो याच दुसऱ्या दारातून.

मशीन कोणती?

सर्व्हर म्हणजे काही निराळे जनावर नव्हे. चोवीस तास चालू राहणारा, इंटरनेटला जोडलेला आणि विचारणाऱ्याला उत्तर देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. दुकानातला संगणकसुद्धा सर्व्हर होऊ शकतो आणि काही व्यापारी पैसे वाचवण्यासाठी तसे करतातही. फक्त दुकानाच्या चार भिंतींत वापरायचा प्रोग्रॅम असेल तर त्यात गैर काही नाही. पण बाहेरगावचा माणूस त्यावर अवलंबून असेल तर अडचणी सुरू होतात. लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरणार? घरगुती ब्रॉडबँडला बहुधा कायमचा पत्ता, म्हणजे स्थिर आयपी मिळत नाही. तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. शिवाय ज्या संगणकावर पोरे सिनेमा पाहतात आणि पेनड्राइव्ह लावतात, त्याच संगणकाचे दार साऱ्या जगासाठी उघडून ठेवावे लागते. हा सौदा मला पटत नाही.

दुसरा मार्ग भाड्याच्या जागेचा. त्यातली सर्वांत स्वस्त जागा म्हणजे शेअर्ड होस्टिंग. ही चाळीसारखी असते. एकाच मशीनवर शेकडो भाडेकरू, नळ आणि जिना सामाईक. साध्या माहितीच्या संकेतस्थळाला हे पुरते. ऑर्डर, उधारी आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर ज्यात आहेत त्या प्रोग्रॅमला निदान स्वतःचा बंद ब्लॉक हवा. त्याला व्हीपीएस म्हणतात. एका मोठ्या मशीनचे पक्क्या भिंती घालून भाग केलेले असतात, त्यातला एक भाग आपला. तिसरा प्रकार क्लाउडचा. तो वापरू तितके भाडे घेतो. मोठ्या पेढीला तो सोयीचा आहे. लहान पेढीने मात्र महिन्याच्या बिलावर नजर ठेवावी, कारण तिथले मीटर रिक्षाच्या मीटरपेक्षा वेगाने पळते.

जागा घेताना मशीन कोणत्या शहरात आहे हे जरूर विचारावे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत सुरू केली. हैदराबाद तर अक्कलकोटला मुंबईपेक्षा जवळ पडते. म्हणजे आपला माल अमेरिकेच्या गोदामात ठेवण्याची गरज आता उरलेली नाही. अमेरिकेतल्या मशीनला प्रत्येक विचारणेमागे जाऊन-येऊन सेकंदाचा सुमारे पाव हिस्सा लागतो. एका पानासाठी अशा वीस विचारणा झाल्या की मोबाईल हातात धरून बसलेला कारखानदार कंटाळतो आणि म्हणतो, "त्यापेक्षा फोन कर."

मशीन कितीही नामांकित कंपनीची असली तरी ती शेवटी एका इमारतीत ठेवलेली वस्तू आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळून गेली. ज्यांनी दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली होती ते सावरले. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती, त्यांचे मूळही गेले आणि प्रतही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी केंद्रात आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला, आणि त्याची दुसरी प्रत बाहेर नव्हती. सरकारची ही गत, तर आपण कोण?

मशीनच्या आत कोणती जागा?

आता दुसरा प्रश्न. तो नीट समजावा म्हणून आपल्या दुकानाकडेच पाहू. दुकानात तीन जागा असतात. गादी, जिथे गिऱ्हाईक येऊन बसते. गोदाम, जिथे नोकर जातो पण गिऱ्हाईक जात नाही. आणि तिजोरी, जिची चावी मालकाकडे असते. कोणताही शहाणा व्यापारी वसुलीची वही गादीवर उघडी टाकून नमाजला किंवा जेवायला जात नाही.

सर्व्हरवरही अगदी हेच तीन भाग आहेत. ब्राउझरला जे दाखवायचे ते, म्हणजे पानांची सजावट, चादरींचे फोटो आणि आत जाण्याचा दरवाजा, ही गादी. प्रोग्रॅमचा खरा मजकूर आणि डेटाबेस हे गोदाम. डेटाबेसचा पासवर्ड, पैसे स्वीकारण्याच्या सेवेची गुप्त चावी, एसएमएस पाठवण्याची चावी ही तिजोरी.

शेअर्ड होस्टिंगवर "पब्लिक एचटीएमएल" नावाचा एक फोल्डर असतो. नावातच पब्लिक आहे. त्यात जे ठेवाल ते जगातला कोणीही मागू शकतो. घाईत काम करणारा मुलगा प्रोग्रॅमची अख्खी पोटली त्यातच ओततो, कारण तसे केले की पान लगेच दिसू लागते. आपण खूश होतो. पण त्या पोटलीत पासवर्डची फाइल असते. कधी "बॅकअप" नावाची झिप फाइलही असते, जी काम करताना सोयीसाठी केली आणि पुसायची राहून गेली. इंटरनेटवर असे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात ज्यांचे काम एवढेच, की प्रत्येक पत्त्यावर जाऊन ठरावीक नावांच्या फायली आहेत का ते हुडकायचे. त्यांना अक्कलकोट कुठे आहे हे माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. "माझे दुकान लहान, माझ्याकडे कोण येणार" हा समज इथे कामाचा नाही. ते दुकान पाहून येत नाहीत, प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतात.

उपाय सोपा आहे. पब्लिक फोल्डरमध्ये फक्त गादी ठेवायची. गोदाम आणि तिजोरी त्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवायची. प्रोग्रॅम तिथून हवे ते वाचून घेतो. ब्राउझरला तिथे जाता येत नाही. लाराव्हेलसारख्या आजच्या पद्धतींत "पब्लिक" नावाचा वेगळा उपफोल्डर याचसाठी दिलेला असतो. वेब सर्व्हरचे तोंड त्या उपफोल्डरकडे करायचे असते, वरच्या मोठ्या फोल्डरकडे नव्हे. हा फरक एका ओळीचा आहे, आणि तीच ओळ तपासून घ्यायची आहे.

ज्यांनी व्हीपीएस घेतला त्यांना जागा निवडण्याची मोकळीक जास्त आणि म्हणून गोंधळही जास्त. या मशीनवर बहुधा लिनक्स असते. लिनक्समध्ये कोणती वस्तू कुठे ठेवावी याचा लेखी रिवाज १९९४ पासून आहे. त्याची सध्याची आवृत्ती २०१५ ची. हा रिवाज पाळला तर उद्या दुसरा कारागीर आला तरी त्याला सामान सापडते.

"यूएसआर" नावाचा विभाग हा मशीनच्या स्वतःच्या सामानाचा. तिथे आपला माल ठेवू नये. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला की काही मशीनवर त्याचे नमुन्याचे पान याच विभागात असते, आणि नवशिका माणूस तेच पान बदलून आपले दुकान तिथे थाटतो. पुढे मशीन अद्ययावत केली की कंपनीचे पॅकेज आपले मूळ पान परत आणून ठेवू शकते, आणि सकाळी आपल्या प्रोग्रॅमच्या जागी परक्याचे स्वागताचे पान दिसते. "टेम्प" हा विभाग तर हमालाच्या टोपलीसारखा. मशीन बंद-चालू झाली की तो रिकामा होऊ शकतो. गिऱ्हाइकाने पाठवलेले डिझाइनचे फोटो त्यात ठेवणे म्हणजे माल फुटपाथवर उतरवणे.

"होम" विभाग हे माणसाचे घर. मुलगा ज्या नावाने आत शिरतो त्या नावाचा फोल्डर तिथे असतो, आणि प्रोग्रॅम तिथेच पडून राहतो. यातून एक खास घोळ होतो. उबुंटू या लिनक्सने २०२१ च्या एप्रिलपासूनच्या आवृत्त्यांत असे घर इतरांना बंद केले. त्यामुळे वेब सर्व्हरला आत वाचता येत नाही आणि "परवानगी नाही" असा संदेश येतो. मग मुलगा वैतागून सगळ्यालाच ७७७ लावतो आणि काम सुरू होते. त्याची अडचण मिटते, आपली सुरू होते.

हे ७७७ काय आहे ते समजून घ्यावे, कारण हा शब्द कानावर पडला की मालकाने सावध व्हायला हवे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारच्या लोकांची इजाजत लिहिलेली असते: मालक, त्याचा गट आणि बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. तिन्ही मिळून ७. म्हणून ७७७ म्हणजे मालकाला सर्व मुभा, गटाला सर्व मुभा आणि रस्त्यावरच्या माणसालाही सर्व मुभा. साधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरते, म्हणजे लिहिणार फक्त मालक. पासवर्डच्या फाइलला ६०० किंवा ६४०, म्हणजे परक्याला वाचण्याचीही मुभा नाही.

मग ठेवावे कुठे? डेबियन आणि उबुंटूवर अपाची हा वेब सर्व्हर "व्हार" विभागातल्या "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू" या फोल्डरकडे पाहतो. तिथे आपल्या पेढीच्या नावाचा वेगळा फोल्डर करून प्रोग्रॅम ठेवला तर चालते. रिवाजाच्या पुस्तकात २००४ पासून "एसआरव्ही" नावाचा एक विभाग आहे. या मशीनवरून जी सेवा दिली जाते तिचे सामान ठेवण्यासाठीच तो केला. मला हा जास्त आवडतो, कारण इतर कोणतेही पॅकेज सहसा तिथे हात लावत नाही आणि जागा पाहूनच कळते की हा मालकाचा माल आहे. बाजारातून तयार विकत आणलेला प्रोग्रॅम असेल तर त्याच्यासाठी "ऑप्ट" आहे. मांडणीच्या आणि पासवर्डच्या फायलींना "ईटीसी" मध्ये आपल्या नावाचा कोपरा करता येतो. यांपैकी कोणतीही निवड केली तरी आकाश कोसळत नाही. एकच निवडावी, ती कागदावर लिहावी आणि निम्मे इकडे, निम्मे तिकडे करू नये.

दोन गोष्टी आणखी. वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो, उदाहरणार्थ उबुंटूवर "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा", त्याला प्रोग्रॅमच्या फायली वाचण्याची इजाजत द्यावी, बदलण्याची देऊ नये. नोकराने माल दाखवावा. दुकानाची भिंत पाडून नवी बांधण्याचा अधिकार त्याला नको. फक्त एकाच फोल्डरमध्ये त्याला लिहावे लागते, जिथे गिऱ्हाइकांचे फोटो आणि कागद येतात. त्या फोल्डरमधली कोणतीही फाइल चालवली जाणार नाही असे बंधन घालून घ्यावे. नाहीतर कोणीतरी टॉवेलच्या फोटोच्या नावाने प्रोग्रॅम पाठवतो, आणि आपलाच सर्व्हर तो इमानदारीने चालवून दाखवतो. दुसरी गोष्ट डेटाबेसची. तो त्याच मशीनवर असेल तर त्याने मशीनच्या आतल्या पत्त्यावरच, म्हणजे १२७.०.०.१ वरच ऐकावे. मायएसक्यूएलचे ३३०६ नंबरचे दार बाहेरच्या जगाला उघडे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

डेटाबेस बसवतानाच तो युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीत आहे हे पाहून घ्यावे. आपल्याकडे नावे मराठीत, कन्नडात आणि उर्दूतही लिहिली जातात. हे राहून गेले तर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि एकदा तशी साठवलेली नावे परत येत नाहीत. उधारी कोणाची आहे हेच कळले नाही तर मागायची कोणाकडे?

नवी आवृत्ती आणताना

प्रोग्रॅम एकदा बसवून संपत नाही. दर बदलतात, नवे रकाने लागतात, चुका निघतात. चालू प्रोग्रॅमवरच फायली एकामागून एक चढवणे म्हणजे मागावर ताणा चालू असताना फणी बदलणे. पाच मिनिटे अर्धे जुने आणि अर्धे नवे चालते, आणि तेवढ्यात आलेली ऑर्डर कुठे जाईल सांगता येत नाही. चांगला कारागीर प्रत्येक आवृत्तीसाठी तारखेचा नवा फोल्डर करतो, सगळे आत भरतो, तपासतो, आणि मग "चालू" नावाची पाटी जुन्या फोल्डरवरून काढून नव्यावर लावतो. लिनक्समध्ये या पाटीला सिमलिंक म्हणतात. बिघडले तर पाटी परत जुन्यावर. यासाठी गिऱ्हाइकांचे फोटो आणि कागद आवृत्तीच्या फोल्डरमध्ये नसावेत, वेगळे असावेत; नाहीतर पाटी बदलताच तेही नजरेआड होतात. डेटाबेसच्या रकान्यांत बदल असेल तर नुसती पाटी फिरवून भागत नाही, म्हणून त्याआधी डेटाबेसची प्रत घेतलीच पाहिजे.

वेळ कोणती? अक्कलकोटात गुरुवारी आणि पौर्णिमेला स्वामी समर्थांच्या दर्शनाला बाहेरगावची माणसे येतात, बाजार भरलेला असतो. अशा दिवशी, ईदच्या किंवा दिवाळीच्या आधी, किंवा लग्नसराईत नवी आवृत्ती आणू नये. मुलाला रात्री वेळ मिळतो म्हणून तो रात्री अकराला काम करतो आणि झोपी जातो. त्याला सांगावे की सकाळी दुकान उघडण्याआधी कर आणि दुपारपर्यंत फोनवर राहा.

नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची

बरेचदा डोमेनचे नाव, सर्व्हरचे खाते आणि सगळे पासवर्ड प्रोग्रॅम करणाऱ्याच्या नावावर असतात. त्याच्या मनात काही वाईट असते असे नाही. तो सोय पाहतो. पण तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला किंवा पैशावरून बिनसले की पेढीची पाटी दुसऱ्याच्या हातात राहते. जागेचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावे करत नाही. डोमेन आणि सर्व्हरचे खाते पेढीच्या ईमेलवर, पेढीच्या मोबाईल नंबरवर असावे. मुलाला त्यात कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा. मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब संगणकावर असेल तर अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर वाजवी मुदतीत परत उभा करता येईल अशी प्रत ठेवावी, असे त्याच्या ५७ व्या नियमात सांगितले आहे. "सर्व्हर जळाला साहेब" हे उत्तर पुरणार नाही. गिऱ्हाइकांच्या माहितीसाठी २०२३ मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीची पुरेशी हिफाजत न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. एवढा दंड लहान पेढीला होईल असे नाही, पण गिऱ्हाइकाचा नंबर आणि त्याच्या उधारीचा आकडा ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, हे सांगायला कायद्याची वाट कशाला पाहावी?

राहिली प्रतीची गोष्ट. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलून कॉपी करणे ही प्रत नव्हे. गाडी भरत असताना गाठी मोजल्या तर आकडा जुळत नाही, तसेच ते. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने प्रत काढावी, रोज रात्री, आपोआप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यांपैकी एक दुसऱ्या शहरात. सर्व्हर मुंबईत असेल तर एक प्रत हैदराबादेत आणि एक दुकानातल्या हार्डडिस्कवर, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवायची.

आणि प्रत घेतली जाते यावर नुसता भरवसा ठेवू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. प्रत घेण्याचे अनेक मार्ग त्यांनी लावून ठेवले होते. ऐनवेळी त्यांतले बहुतेक चालत नव्हते असे निघाले. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती लागली म्हणून निभावले. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा मुलाला दुकानात बोलवावे, चहा पाजावा, आणि प्रतीवरून प्रोग्रॅम दुसऱ्या रिकाम्या संगणकावर आपल्यासमोर उभा करायला सांगावे. मग गेल्या वर्षीच्या एखाद्या बिलाचा छापील कागद फायलीतून काढावा, तोच नंबर पडद्यावर उघडावा, आणि नग, भाव आणि बाकी कागदाशी ताडून पाहावी.